बोनेट कापण्याआधी : वरूडकडच्या एका जुन्या जीप-पिकअपचं प्रकरण

गाडी १९७८ ची. महिंद्राची उंच नाकाची जीप, पुढे केबिन, मागे लोखंडी हौदा. वरूड तालुक्यातल्या एका संत्रा बागायतदाराच्या वडिलांनी ती नवी घेतली आणि तेव्हापासून ती त्याच घरात आहे. बोनेटवर पांढऱ्या रंगात हातानं लिहिलेलं 'जय गुरु'. घर तुकडोजी महाराजांना मानणारं, दरवर्षी मोझरीला जाणारं, त्यामुळे गाडीवर दुसरं काही लिहिलं जाण्याचा प्रश्नच नव्हता. ती अक्षरं काढणारा पेंटर आता हयात नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय या दोन शब्दांपाशी येऊन थांबत होते.

गेल्या एप्रिलात भाऊंचा, म्हणजे आताच्या मालकांचा, फोन आला. "सर, बोनेट कापाचं हाये. पोरगा लय मागं लागून रायला. तुमी येऊन पाहून जा." मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा विषय शिकवतो. जुन्या गाड्यांचं बोनेट कापल्यावर मला बोलावणारे पुष्कळ भेटले आहेत, कापण्याआधी बोलावणारे हे पहिलेच. रविवारी सकाळीच गेलो.

तक्रारी दोन होत्या आणि घरात त्यांची एकच गाठ झाली होती. पहिली अशी, की इंजिन बोनेटला आतून लागत होतं. मूळचं पेट्रोल इंजिन १९९४ साली काढून डिझेल बसवलं, आरसी बुकात तशी नोंदही आहे. बसवणाऱ्यानं इंजिनाखालच्या माउंटिंगच्या पट्ट्या उंच केल्या होत्या. क्लच सोडला की इंजिन डुलायचं आणि इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या, वळत्या पाइपाचा ठोसा बोनेटच्या पोटात बसायचा. तीस वर्षांच्या ठोशांनी 'गु' अक्षराखालचा पत्रा सुपारीएवढा वर आला होता आणि रंगाला बारीक तडे गेले होते.

दुसरी तक्रार तापण्याची. वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात भूजलाचा उपसा फार झालेला आहे. मे महिन्यात विहिरी तळाला जातात, तेव्हा संत्र्याची झाडं जगवायला टाकीनं पाणी वाहावं लागतं. हौद्यात हजार लिटरची टाकी, म्हणजे नुसत्या पाण्याचंच एक टन वजन. रस्ता कच्चा आणि चढाचा, गिअर दुसरा. लाइट येईल तेव्हाच टाकी भरणार, त्यामुळे बहुतेक फेऱ्या भर दुपारी, ४४-४५ अंशांत. दोन फेऱ्या झाल्या की रेडिएटर उकळायचा.

यावर तीन जणांची तीन मतं होती. भाऊंचा मुलगा अमरावतीला इंजिनिअरिंगला आहे. त्यानं अमेरिकेतल्या जुन्या शेवरोले आणि फोर्ड पिकअपचे व्हिडिओ पाहिले होते. त्याला बोनेटच्या मधोमध उंचवटा हवा होता, काचेच्या बाजूला तोंड उघडं असलेला. गावातल्या मेकॅनिकचं म्हणणं, एवढं कशाला, मागच्या बिजागरीखाली दोन-दोन वायसर टाका, बोनेट मागून उचललं जाईल, पाइपही लागणार नाही आणि गरम हवाही निघून जाईल. आणि बाबा, ज्यांनी गाडी घेतली ते, खाटेवरून एवढंच म्हणाले, "बोनेटले हात नाई लावाचा."

मुलाची कल्पना वेडी नव्हती, आणि हे मी बाबांसमोरच म्हणालो. या गाडीचा चेहरा मुळात असाच घडला आहे. विलीस कंपनीच्या आधीच्या जीपमध्ये इंजिनाचे दोन्ही व्हॉल्व्ह खालच्या ब्लॉकमध्ये होते, त्यामुळे इंजिन बुटकं होतं आणि बोनेटही बसकं. पुढे त्याच १३४ घनइंचाच्या, म्हणजे सुमारे २२०० सीसीच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले. ताकद वाढली आणि इंजिनाची उंचीही वाढली. ते जुन्या बोनेटखाली मावेना, म्हणून १९५३ च्या सीजे-३बी या मॉडेलला उंच बोनेट आणि उंच जाळी दिली गेली. महिंद्रानं हीच उंच नाकाची जीप आपल्याकडे कित्येक वर्षं बनवली. म्हणजे इंजिन उंच झालं म्हणून बोनेट उचलणं हे या गाडीच्या जन्मातच आहे. फरक एवढाच, की तिथे आधी मोजलं होतं. इथे अजून कुणीच काही मोजलं नव्हतं.

म्हणून पहिल्या दिवशी पाना-ग्राइंडर काही काढलं नाही. वहिनींकडून घट्ट मळलेली कणीक मागितली. पाइपाच्या वळणावर, ऑइलच्या झाकणावर आणि एअर क्लीनरच्या डोक्यावर तेल लावून कणकेचे गोळे बसवले, बोनेट लावून बाजूच्या कड्या ओढल्या, परत उघडलं. पाइपावरचा गोळा चार मिलिमीटरांपर्यंत चेपला होता, बाकीचे दोन वीसच्या वरच राहिले. मग नवे गोळे लावून बांधावरून गाडी फिरवून आणली, मुद्दाम झटका देऊन क्लच सोडला. या वेळी पाइपावर कणीक उरलीच नाही, कडेला पसरली होती. म्हणजे अडचण सबंध बोनेटची नव्हती, तळहाताएवढ्या जागेची होती.

मग साहजिक प्रश्न, इंजिनच खाली का घेऊ नये? त्यासाठी खालचीही जागा बघावी लागते. सम्प, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, आणि पुढच्या अॅक्सलचा लोखंडी गोळा यांच्यामध्ये कणीक ठेवली, हौद्यात भरलेली टाकी, पुढे बोनेटजवळ दोन गडी उभे, आणि गाडी एका खड्ड्यातून काढली. उरली अठरा मिलिमीटर. त्या मेकॅनिकनं १९९४ साली इंजिन उंच बसवलं ते उगीच नव्हतं, हे तेव्हा कळलं. इंजिन एक इंच जरी खाली आणलं असतं तरी एखाद्या खड्ड्यात सम्प फुटला असता. त्या माणसाला मी मनातल्या मनात बरंच बोललो होतो, ते मागे घेतलं. माउंटिंगचे रबर मात्र दगडासारखे झाले होते आणि एक फाटला होता. ते बदलल्यावर डुलणं निम्म्यावर आलं. तरीही मोकळी जागा हवी होती किमान पंचवीस मिलिमीटर, म्हणजे उंचवटा लागणारच होता.

आता वायसरचा आणि काचेकडे तोंड असलेल्या उंचवट्याचा प्रश्न. दोन्हींत बोनेट मागच्या बाजूनं, काचेपाशी उघडं राहतं. गाडी चालते तेव्हा उभ्या काचेवर हवा आदळते आणि काचेच्या पायथ्याशी दाब वाढतो. तिथं भोक ठेवलं तर हवा बाहेर पडत नाही, उलट आत शिरते. अमेरिकेत १९६९ च्या कॅमारोवर शेवरोलेनं दिलेला काऊल इंडक्शनचा उंचवटा याच दाबाचा उपयोग करतो, पण तो बाहेरची थंड हवा एअर क्लीनरला पाजण्यासाठी. गरम हवा काढणं हे त्याचं काम नाही. दिसायला तो मागं तोंड असलेला म्हणून धूर सोडणारा वाटतो, आणि इथेच पुष्कळ लोक फसतात.

हे नुसतं सांगून पोराला पटलं नसतं, आणि पटू नयेच. देवघरातल्या कापसाच्या वाती घेतल्या, वीतभर लांब वळल्या आणि चिकटपट्टीनं बोनेटभर ओळीनं चिकटवल्या. गवंडी लोक लेव्हल काढायला वापरतात तसली पारदर्शक नळी आणली, तिच्यात कुंकवाचं पाणी भरलं, एक टोक बोनेटच्या वर चपटं चिकटवलं आणि दुसरं बोनेटच्या खाली. ताशी ६० किलोमीटरला समोरून येणाऱ्या हवेचा पूर्ण दाब सुमारे १७ मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा असतो, म्हणजे फरक मिलिमीटरांतच वाचायचा. मोर्शी रस्त्यावर सकाळी सहाला, वाहतूक नसताना, भाऊंनी गाडी चालवली, मी नळी धरली आणि पोरगा मोटरसायकलवरून बाजूनं वाती पाहत होता. पुढच्या कडेमागच्या वाती उठून फडफडत होत्या, आणि तिथे वरचा दाब खालच्यापेक्षा चार मिलिमीटर कमी निघाला. काचेजवळच्या वाती गोंधळून मागेपुढे होत होत्या, काही चक्क उलट्या, पुढे तोंड करून पडलेल्या. तिथे दाब सहा मिलिमीटर जास्त. पोरगा परत आला तो स्वतःच म्हणाला, "सर, भोकं पुढं पायजेत. रेडिएटरच्या मागं." वायसर तिथेच बाद झाले.

पण दुसऱ्या गिअरमध्ये, ताशी दहा-बारा किलोमीटरला, या दाबाचा काही उपयोग नाही. दाब वेगाच्या वर्गानं घटतो, ६० चा १२ झाला की पंचविसावा हिस्सा उरतो. तिथं सगळी भिस्त पंख्यावर. आणि पंख्याकडे पाहिलं तर तो रेडिएटरपासून चार बोटं दूर, भोवती कडं नाही. इंजिन बदललं तेव्हा मूळचं श्राउड, म्हणजे हे कडं, बसेना म्हणून काढून टाकलेलं. असा पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूची गरम हवाच घुसळत बसतो. रेडिएटरच्या कॅपचं रबरही गेलं होतं. अर्धा किलो दाब धरणारी कॅप पाण्याचा उत्कलनबिंदू ११० अंशांच्या आसपास नेते, रबर गेलं की पाणी शंभरलाच उकळतं. तीस वर्षं बोनेटला बोल लावला जात होता, आणि दोष निघाला शंभर-दीडशे रुपयांच्या कॅपमध्ये आणि नसलेल्या कड्यामध्ये.

कॅप बदलून, टाकी भरून, तीन किलोमीटरचा तोच चढ तीन वेगवेगळ्या दुपारी चढवला. टेंपरेचर गननं वरच्या होजपाशी मोजलं. नुसती कॅप बदलल्यावर १०३ अंश, पाणी उकळलं नाही एवढंच. पत्र्याचं कडं करून बसवल्यावर ९५. पंख्याची पाती निम्मी कड्यात आणि निम्मी बाहेर ठेवली, पात्याच्या टोकाला इंचभर मोकळं सोडलं, कारण इंजिन डुलतं आणि रेडिएटर डुलत नाही. म्हणजे बोनेटला हात न लावता मुख्य काम झालं होतं. पुढे नव्या बोनेटला गरम हवा निघायला खिडक्या, म्हणजे अरुंद फटी, पाडल्यावर हाच आकडा ९३ झाला. दोन अंश. दुपारी-दुपारीच्या हवेत तेवढा फरक एरवीही पडतो, म्हणून तो मी खिडक्यांच्या खात्यात छातीठोक घालणार नाही.

मग खिडक्या पाडल्याच कशाला? गाडी बंद केल्यानंतरच्या तासासाठी. चढ चढून आलेली गाडी बागेत उभी करतात, टाकी रिकामी व्हायला पाऊण तास लागतो. पंखा बंद, पाणी फिरत नाही, आणि ब्लॉकची सगळी उष्णता बोनेटखाली कोंडते. होज, वायरिंग, डिझेलच्या रबरी नळ्या यांचं आयुष्य तिथं संपतं. वर खिडक्या असल्या की गरम हवा आपोआप वर निघते, तिला वेग लागत नाही. बंद केल्यावर वीस मिनिटांनी एअर क्लीनरपाशी आधी ७८ अंश मिळायचे, आता ६५ च्या आसपास मिळतात.

बोनेट बदलायचं ठरलं, पण मूळ बोनेट कापायचं नाही, हे मी त्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. भाऊंच्या डोक्यात होतं की २०२८ मध्ये गाडीला पन्नास वर्षं होतील आणि व्हिंटेज म्हणून नोंद करता येईल. २०२१ च्या केंद्रीय नियमात पन्नास वर्षांवरच्या गाड्यांची अशी नोंद आहे, पण गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको. इंजिन १९९४ लाच बदललं आहे, तेव्हा तो रस्ता धरून चालू नका, असं मी सांगितलं. त्यांना वाईट वाटलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ ही त्यांना वाचून दाखवलं. गाडीत मनाजोगा बदल करण्यावर त्यात बंधनं आहेत, आणि परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून काम सुरू करण्याआधी भाऊ आरटीओ कार्यालयात जाऊन विचारून आले. मूळ बोनेट जसंच्या तसं राहिलं तर उद्या कुणी हरकत घेतली तरी चार बोल्ट काढून गाडी होती तशी करता येते. बाबांनी हे ऐकलं आणि पहिल्यांदा खाटेवरून उठून गाडीपाशी आले.

नागपूरच्या कबाडीतून त्याच जातीचं दुसरं बोनेट मिळालं. मागची कड गंजून चाळणी झालेली, मधला पत्रा चांगला. रंग घासून मायक्रोमीटरनं पाहिलं, एक मिलिमीटरच्या थोडं वर. त्याला जुळणारा अठरा गेजचा सीआर पत्रा आणला. पत्रा ठोकायला शेजारच्या गावातले काकाजी. पन्नास वर्षं डेंटिंगचं काम, त्याआधी वडिलांबरोबर बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवल्या.

उंचवटा किती आणि कुठवर, हे पुठ्ठ्याच्या नमुन्यावर ठरवलं. पंचेचाळीस सेंटिमीटर लांब, तीस रुंद, चार उंच, आणि चारी बाजूंनी उतरता. एवढा उंचवटा ड्रायव्हरच्या नजरेत येतो का, हे बघायला पुठ्ठा जागेवर ठेवून गाडीपुढे पऱ्हाट्या रोवल्या, दर हातावर एक, सगळ्या कमरेएवढ्या. भाऊ आणि त्यांच्यापेक्षा बुटका असलेला मुलगा, दोघांनी सीटवर बसून मोजल्या. भाऊंना सगळ्या दिसल्या, मुलाला पहिली दिसेना. पुठ्ठा पुढच्या बाजूला उतरता केला, तेव्हा ती दिसली. लेकरं अंगणात खेळतात त्या घरात हे पाहिल्याशिवाय पत्र्याला हात लावू नये असं माझं ठाम मत आहे.

काकाजींनी उंचवटा बाभळीच्या ओंडक्यावर केला. ओंडक्याच्या डोक्याला कोरलेली उथळ वाटी, तिच्यावर पत्रा, आणि लाकडी मोगरीचे घाव मधून बाहेर, गोल गोल. पत्रा मधे ताणला जातो, कडेला चुण्या पडतात. त्या चुण्या ठोकून आत बसवायच्या, म्हणजे कड आकसते. चुणी दुमडली की काम वाया. मी मुलांना हे फळ्यावर वीस वर्षं शिकवलं, काकाजींच्या मोगरीनं ते दोन तासांत दिसलं.

जोड कुठे द्यायचा यावर आमचा वाद झाला. मी म्हणालो सपाट भागात, म्हणजे घासायला सोपं. काकाजी म्हणाले, मोडीवर. त्यांचं बरोबर होतं. वेल्डिंगची उष्णता सपाट पत्र्याला लहरी आणते, आणि मोडीवर पत्रा आधीच कडक असतो. भोक पाडून कडेला बोटभर खाच दिली, उंचवटा त्या खाचेत बसवला, दर दोन-तीन सेंटिमीटरवर टाके, एक इकडे, एक समोरच्या बाजूला. टाका गार होईपर्यंत पुढचा नाही. वेल्ड गार होताना आकसतो आणि आजूबाजूचा पत्रा ओढतो, म्हणून प्रत्येक टाका खाली डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरून हलक्या हातानं ठोकून परत पसरवायचा. एवढं करूनही उजव्या बाजूला तळहाताएवढा भाग 'टपटप' करू लागला. पत्रा तिथं ताणून फुगला होता.

इथे काकाजींनी जे केलं ते मी विसरणार नाही. गॅसच्या बारीक ज्योतीनं नाण्याएवढा ठिपका लाल केला, त्याच्याभोवती दोन घाव घातले आणि ओल्या फडक्यानं गार केला. पाच ठिपके, टपटप थांबली. म्हणाले, "धाव कशी चढते? तापवून मोठी करतो, पाणी मारून लहान करतो. हेबी तेच हाये." तापलेला पत्रा फुगू पाहतो, पण भोवतालचा गार पत्रा त्याला जागा देत नाही, म्हणून तो जाड होतो, आणि गार झाल्यावर आधीपेक्षा आखूड उरतो.

खिडक्या बारा. प्रत्येकी दहा सेंटिमीटर लांब, आठ मिलिमीटर उघड्या, दोन ओळींत, पुढच्या तिसऱ्या हिश्शात, तोंड काचेकडे. एकूण उघडी जागा भरली ९६ चौरस सेंटिमीटर. रेडिएटरची जाळी १८०० आहे. हा हिशेब आधी केला होता, म्हणूनच दोन अंशांनी आम्ही निराश झालो नाही. पहिल्या दोन खिडक्यांची टोकं फाटली. छिन्नीचे कोपरे धारदार होते ती माझी चूक, मीच घासून दिली होती. कोपरे गोल केले, खालच्या लाकडाची खाच रुंद केली, बाकीच्या दहा न फाटता उतरल्या. पहिल्या दोनची फाटलेली टोकं वेल्ड करून भरली.

उंचवट्यासाठी आतली एक आडवी पट्टी कापावी लागली होती. ती तशीच सोडली असती तर बोनेट रस्त्यावर थरथरलं असतं. टोपीच्या आकारात मोडलेल्या दोन पट्ट्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंनी लावल्या, आणि पत्र्याला वेल्ड न करता चिकटवल्या, म्हणजे वरून खुणा उमटत नाहीत. लांबी, म्हणजे पुट्टी, अगदी पातळ, दोन हात, मग प्रायमर. रंग मूळचाच हिरवा.

मृगाच्या पहिल्या पावसात खिडक्यांतून पाणी आत आलं आणि थेट अल्टरनेटरवर पडलं. तोंड मागे असलं तरी उभ्या गाडीवर पाऊस सरळच पडतो, हे लक्षात यायला हवं होतं. आता खिडक्यांखाली उतरता पत्र्याचा पन्हाळ आहे, पाणी डाव्या बाजूनं मडगार्डमागे उतरतं, आणि पावसाळ्यात आतून विंगनटनं एक झाकणपट्टी बसते. बोनेट आधीपेक्षा अडीच किलो जड झालं आहे. जीपचं बोनेट मागे उलटून काचेच्या चौकटीवर टेकतं, तिथला रबर त्यामुळे दबला होता, तो जाड घातला.

खर्च कबाडीचं बोनेट, पत्रा, गॅस, रंग आणि काकाजींची मजुरी धरून अकरा हजारांच्या आत. कडं आणि कॅप मिळून बाराशे.

मूळ बोनेट गोदामात, जमिनीपासून वर, लाकडी खुंट्यांवर ठेवलं आहे. आतल्या बाजूला गंज काढून रेड ऑक्साईड मारला, वरच्या बाजूला फक्त मेण. 'गु' खालचा टेंगूळ काकाजी दोन घावांत बसवून देणार होते. बाबा नको म्हणाले. नव्या बोनेटवर काय लिहायचं, हे घरात अजून ठरलेलं नाही. पोरानं जुन्या अक्षरांचा ट्रेसिंग पेपर मात्र काढून ठेवला आहे.